वेटलिफ्टिंगमधली एकाग्रता: नागपूरच्या लिफ्टर्सना पडणारे प्रश्न

हे पान स्नॅच (बार जमिनीवरून एकाच दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यांवर, मग डोक्यावर) करणाऱ्यांसाठी आहे. मानकापूरच्या क्रीडा संकुलात सराव करणारे, महालातल्या जुन्या व्यायामशाळेत जाणारे आणि कॉलनीतल्या जिमच्या कोपऱ्यात स्वतःच शिकणारे, सगळ्यांना ते उपयोगी पडेल. पॉवरलिफ्टिंगवाल्यांना जिथे वेगळं वागावं लागतं, तिथे तसं लिहिलं आहे.

ताकद तर स्नायूंची असते. मग मनाचा संबंध येतो कुठे?

ताकद स्नायूंत असते, पण त्यातली किती बाहेर येणार हे मेंदूकडून येणाऱ्या हुकमावर ठरतं. एका स्नायूत तंतूंचे अनेक गट असतात. हलक्या वजनाला त्यातले थोडे कामाला लागतात. जड वजनाला जवळजवळ सगळे लागतात, तेही एकदम आणि वेगाने. लिफ्टर जमिनीवरून बार सोडवतानाच बिचकला तर हुकूम अर्धवट जातो. मग ताकद असूनही बार गुडघ्यापाशी मंदावतो.

दुसरा भाग वेळेचा. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून सुटल्यापासून शरीर पूर्ण ताणलं जाईपर्यंत जेमतेम एक सेकंद जातो. एवढ्यात विचार करून काही सुधारता येत नाही. ‘अरे, बार पुढे चालला’ हे कळेपर्यंत तो पुढे पडलेला असतो. म्हणून मनाचं खरं काम बार सुटण्याआधीच उरकायचं असतं. लक्ष कशावर ठेवायचं हे आधी ठरलेलं असलं पाहिजे आणि तो एक सेकंद ते तिथेच टिकलं पाहिजे.

याची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. ७० किलोचा स्नॅच असलेला माणूस निव्वळ एकाग्रतेने ९० उचलत नाही. सरावात ७० निघतो आणि स्पर्धेत ६४ वर तीनदा पडतो, ही गळती मात्र एकाग्रतेने थांबते.

लिफ्ट मारताना लक्ष शरीरावर ठेवायचं की बारवर?

बारवर, किंवा पायाखालच्या जमिनीवर. क्रीडाशास्त्रात या विषयावर भरपूर प्रयोग झाले आहेत आणि निकाल बराच एकसारखा आहे. हालचाल करताना लक्ष शरीराबाहेरच्या परिणामावर असेल तर जोर जास्त निघतो आणि तेच काम करायला स्नायूंना कमी धडपड करावी लागते. ‘मांड्या आवळ’, ‘पाठ सरळ कर’, ‘खांदे उचल’ अशा आतल्या सूचनांवर लक्ष गेलं की जी हालचाल आपोआप व्हायची तिच्यात आपणच हात घालतो आणि ती अडखळते.

म्हणून खुणेचे शब्द असे निवडा की लक्ष बाहेर जाईल. बार सुटताना ढुंगण आधी वर जात असेल तर ‘पाय सरळ कर’ म्हणण्यापेक्षा ‘जमीन ढकल’ म्हणा. बार अंगापासून लांब जात असेल तर ‘लॅट्स (पाठीच्या बाजूचे स्नायू) आवळ’ ऐवजी ‘बार मांडीला घासू दे’. जर्कमध्ये बार पुढे जात असेल तर ‘बार छताला’ म्हणून भागत नाही, कारण छत पुढेही आहे. तिथे ‘बार मानेमागे सरळ वर’ हा शब्द लागू पडतो. स्नॅच घेताना हात ढिले पडत असतील तर ‘बारला वर ढकलत राहा’.

एका लिफ्टला एकच शब्द, फार तर दोन: एक सुरुवातीचा, एक शेवटचा. ‘जमीन, वर.’ बस. नवख्यांची सर्वात जास्त दिसणारी चूक इथेच होते. आठवडाभरात ऐकलेल्या सगळ्या सूचना एकाच लिफ्टमध्ये आठवायच्या असतात, आणि लिफ्ट त्या गर्दीत चुकते.

पण जिममध्ये तर सांगतात, ‘ज्या स्नायूचा व्यायाम करतोस त्याच्यावर लक्ष ठेव.’ ते चूक आहे का?

चूक नाही, जागा वेगळी आहे. स्नायूचा आकार वाढवायचा असेल आणि वजन हलकं किंवा मध्यम असेल, तर स्नायूवर लक्ष ठेवल्याने तो जास्त काम करतो. बेंच प्रेसवरच्या एका अभ्यासात हा फरक कमाल वजनाच्या ६० टक्क्यांपर्यंत दिसला आणि ८० टक्क्यांवर नाहीसा झाला. जड वजनाला शरीराला निवड उरत नाही. तेव्हा रोइंग, बॅक एक्स्टेन्शन, कर्ल करताना खुशाल स्नायूवर लक्ष ठेवा. स्नॅच, क्लीन, जर्क आणि जड स्क्वॉटला नको.

नाव पुकारल्यापासून बार सुटेपर्यंत नेमकं काय करायचं?

नियमाप्रमाणे नाव पुकारलं आणि बार भरून झाला की ६० सेकंदांचं घड्याळ चालू होतं. ३० सेकंद उरले की घंटा वाजते. लागोपाठ दुसरा प्रयत्नही तुमचाच असेल तर २ मिनिटं मिळतात. वेळ संपण्याआधी बार प्लॅटफॉर्मवरून सुटला पाहिजे, नाहीतर प्रयत्न गेला. म्हणजे ही ६० सेकंदं आधीच वाटून ठेवायला हवीत.

बहुतेकांना जमेल अशी वाटणी सांगतो. पहिली १५ ते २० सेकंदं चॉकच्या, म्हणजे पकड घट्ट करणाऱ्या पांढऱ्या पावडरच्या, पेटीपाशी: दोन्ही तळहात, अंगठा, आणि क्लीन असेल तर मानेखाली जिथे बार टेकतो तिथे चॉक. इथे हळू श्वास घ्या आणि सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, दोनदा. छातीतली धडधड इथेच थोडी खाली येते. मग प्लॅटफॉर्मच्या कडेला थांबून डोळ्यांसमोर एकदा पूर्ण लिफ्ट आणा, खऱ्या वेगाने, म्हणजे दोन-तीन सेकंदांत. मग पुढे जा. बारच्या पट्टीवरच्या खुणांवर पाय आणि हात जुळवा, हुक ग्रिप घ्या, म्हणजे अंगठा बोटांच्या आत दाबा. नजर समोरच्या एका ठिपक्यावर ठेवा, पंचांवर नको आणि प्लेट्सवर तर मुळीच नको. पोटात श्वास भरा, खुणेचा शब्द मनात म्हणा, आणि उचला.

पकड घेतल्यापासून बार सुटेपर्यंत तीन ते पाच सेकंदांच्या वर जाऊ देऊ नका. बारवर वाकून जो जास्त वेळ थांबतो त्याच्या मांड्या दमतात, श्वास उथळ होतो आणि शंकांना जागा मिळते. सरावाच्या व्हिडिओत मोजून पाहा. हलक्या वजनाला तीन सेकंद आणि जड वजनाला बारा सेकंद लागत असतील, तर ते वजन तुम्हाला घाबरवतं आहे हे समजून घ्या.

लिफ्ट डोक्यावर गेल्यावरही काम संपत नाही. पाय एका रेषेत आणून स्थिर राहायचं आणि ‘डाउन’चा इशारा मिळेपर्यंत बार धरून ठेवायचा. झालं समजून आधीच बार सोडल्यामुळे चांगल्या लिफ्ट बाद झालेल्या आहेत. कारण एकच, लक्ष दोन सेकंद आधी सुटलं.

असं रुटीन अंगवळणी पडायला किती दिवस लागतात?

आठ ते दहा आठवडे धरा, तेही रिकाम्या बारपासून पाळलं तर. बरेच जण रुटीन फक्त जड वजनाला करतात आणि ४० किलोला गप्पा मारत, हसत बार उचलतात. तसं केलं की रुटीन म्हणजे ‘आता धोका आहे’ अशी मनाची गाठ बसते. २० किलोचा बार असो की ९०, पावलं तीच, श्वास तेच, शब्द तोच.

सुरुवातीला कागदावर लिहा: चॉक, दोन श्वास, पावलं, हात, नजर, श्वास, शब्द. सात गोष्टी पुरेत. आठवड्यातून एकदा मित्राला ६० सेकंदांचं घड्याळ लावायला सांगा आणि तीन सिंगल्स, म्हणजे एकेक लिफ्टचे सेट, स्पर्धेसारखे मारा. ३० सेकंदांना त्याने शिटी वाजवावी. पहिल्यांदा ही शिटी ऐकून जो गडबडतो, त्याला ती स्पर्धेत नव्याने ऐकावी लागत नाही.

लिफ्टआधी गालावर चापटा, आरडाओरडा, अमोनिया हुंगणं. याने फायदा होतो का?

कोणत्या लिफ्टला, यावर अवलंबून आहे. अंगात पेटवण्याची एक पातळी असते. तिच्याखाली माणूस मंद राहतो, तिच्यावर गेला की हालचालीतली नजाकत जाते. पॉवरलिफ्टिंगच्या डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरून बार फक्त मांड्यांपर्यंत उचलणं) हालचाल सोपी आणि हळू आहे, तिथे भरपूर पेटवलेलं चालतं. स्नॅचमध्ये दोन सेंटिमीटरने बार चुकला की लिफ्ट गेली, त्यामुळे तिथे जोश थोडा कमीच बरा. क्लीन अँड जर्क या दोघांच्या मधे येतो, आणि त्यातही जर्कच्या आधी छातीवर बार घेऊन एक शांत श्वास लागतोच.

ओरडण्याने जोर किंचित वाढतो हे प्रयोगांत दिसलं आहे. पण स्नॅचमध्ये जास्त पेटलेल्याची खूण ओळखायला शिका: बार जमिनीवरून हिसकला जातो, हात लवकर वाकतात, आणि बार पुढे किंवा फार मागे पडतो. दोनदा मागे पडला तर ताकद कमी नाही, जोश जास्त झाला आहे. तेव्हा आणखी ‘उठाव न बे!’ ओरडणाऱ्या मित्राला गप्प बसवा.

अमोनिया रोज हुंगायची सवय आम्हाला पटत नाही. दमा असेल किंवा डोक्याला मार लागला असेल तर त्याला हातही लावू नये. मार लागल्यावर तो हुंगून शुद्धीवर आल्यासारखं वाटतं आणि तपासणी मागे राहते.

ओपनर, म्हणजे पहिला प्रयत्न, किती किलोचा ठेवावा?

झोप नीट झाली नाही, पोट बिघडलंय, हॉल अनोळखी आहे, अशा दिवशीही निघेल एवढा. आकड्यात सांगायचं तर गेल्या सहा आठवड्यांतल्या उत्तम लिफ्टच्या ९० ते ९२ टक्के. स्नॅच ८० असेल तर ७२ ते ७४. ‘एकदा ८२ निघाला होता, डिसेंबरात’ हे हिशेबात धरू नका.

यामागचं कारण मानसिकच आहे. पहिली लिफ्ट बसली की उरलेल्या दोन प्रयत्नांत धाडस करता येतं. ती पडली की पुढचे दोन्ही प्रयत्न भीतीने मारले जातात, कारण तिन्ही गेले तर स्नॅच आणि क्लीन अँड जर्क मिळून होणारं एकूण वजनच नोंदलं जात नाही. तालुका-जिल्हा पातळीवर सर्वाधिक खेळाडू बाद होतात ते जड ओपनरच्या या एका हट्टापायी, आणि पाहताना वाईट वाटतं, कारण वर्षभराची मेहनत तिथे मातीमोल होते.

पहिला प्रयत्न गेला. पुढच्या दोन मिनिटांत काय करायचं?

आधी कोचसोबत कारण एका वाक्यात ठरवा. बार पुढे पडला, मागे पडला, की उठताच आलं नाही? पुढे पडला असेल तर बहुतेक वेळा बार सुटताना वजन पंज्यांवर गेलेलं असतं, तेव्हा शब्द ‘टाच’. मागे पडला तर घाई झाली, शब्द ‘थांब, मग झटका’. क्लीनमधून उठता आलं नाही तर प्रश्न पायांचा किंवा बार छातीवरून घसरल्याचा आहे. कारण ठरलं की विषय बंद. खुर्चीवर बसा, पाय मोकळे ठेवा, पाण्याचा एक घोट, दोन लांब श्वास, आणि पुन्हा तेच रुटीन पहिल्या पायरीपासून.

वजन वाढवायचं की तेच ठेवायचं हे लिफ्टरने ठरवू नये. त्या क्षणी त्याला एकतर सूड घ्यायचा असतो किंवा पळायचं असतं.

या बाबतीत मीराबाई चानूचे आकडे समोर ठेवण्यासारखे आहेत. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिच्या सहापैकी एकच लिफ्ट यशस्वी झाली. क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न गेले आणि एकूण वजन नोंदलंच गेलं नाही. पुढच्या वर्षी ४८ किलो गटात १९४ किलो उचलून ती जागतिक विजेती झाली. २०२१च्या ताश्कंदच्या आशियाई स्पर्धेत स्नॅचचे पहिले दोन प्रयत्न ८५ वर गेले. तिसऱ्याला तिने ८६ मागितले आणि उचलले, मग क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोचा जागतिक विक्रम केला. त्याच वर्षी टोकियोत ८७ आणि ११५, एकूण २०२, आणि रौप्यपदक. दोन प्रयत्न गेल्यावरही तिसरा कोरा असतो, हे तिच्या ताश्कंदच्या स्नॅचइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

१०० किलो म्हटलं की पाय गळतात, ९८ मात्र निघतो. असं का?

हे खरंच होतं. लिफ्टर्सना बारवरचं वजन खऱ्यापेक्षा कमी सांगितलं तेव्हा त्यांनी एरवीपेक्षा जास्त उचललं, असं १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. गोल आकडा आणि बारचं रूप, दोन्ही मनावर दडपण आणतात. पहिल्यांदा दोन्ही बाजूंना लाल, म्हणजे २५ ची प्लेट लागली की बार एकदम मोठा दिसतो.

उपाय सोपे आहेत. सरावात वजन वेगवेगळ्या प्लेट्सनी भरा. दोन्हीकडे निळी २० ची लावण्याऐवजी कधी दोन हिरव्या १० च्या लावा. महिन्यातून एकदा कोचने बार भरावा आणि आकडा लिफ्टनंतर सांगावा. वाढ ५ ची न करता १ किंवा २ किलोंची करा, म्हणजे ९९ नंतर १०१ येतो आणि १०० वाटेतच मागे पडतो. हिशेब करताना कॉलर विसरू नका. स्पर्धेचे कॉलर प्रत्येकी अडीच किलोचे असतात, त्यामुळे पुरुषांचा रिकामा बार कॉलरसह २५ आणि महिलांचा २० किलो होतो. जिममधल्या स्प्रिंगच्या कॉलरची सवय असलेल्यांची इथे ५ किलोंची चूक होते, आणि वॉर्मअप रूममध्ये ती लक्षात आली की डोकं फिरतं.

या फसवणुकीची सवय मात्र लावू नका. स्पर्धेत आकडा मोठ्याने पुकारला जातो आणि पाटीवर दिसतो.

डोळे मिटून मनातल्या मनात लिफ्ट मारण्याने खरंच ताकद वाढते?

वाढते, पण बारला तो पर्याय नाही. करंगळी आणि कोपराच्या साध्या हालचालींवर १२ आठवड्यांचा एक प्रयोग झाला होता. फक्त मनात सराव करणाऱ्यांची करंगळीची ताकद ३५ टक्क्यांनी आणि कोपराची १३.५ टक्क्यांनी वाढली. स्नायू वाढले म्हणून हे झालं नाही, मेंदूचा हुकूम जोरकस झाला म्हणून झालं. रोज जड बार मारणाऱ्याला एवढी वाढ मिळणार नाही. त्याला फायदा होतो तो हालचालीच्या नेमकेपणाचा, आणि दुखापतीच्या काळात सराव न तुटण्याचा.

पद्धत अशी. रोज पाच मिनिटं, शक्यतो सरावाच्या अर्धा तास आधी. उभं राहून, हातात काठी असेल तर उत्तम. लिफ्ट स्वतःच्या डोळ्यांतून पाहा, प्रेक्षकाच्या नाही. तळहाताला चॉकचा कोरडेपणा, हुक ग्रिपमध्ये अंगठ्यावरचा दाब, बार सुटताना प्लेट्सचा खडखडाट, मांडीला बारचा स्पर्श, खाली बसताना पायांचा ‘थप’ आवाज, हे सगळं आणा. वेग खरा ठेवा. स्लो मोशनमध्ये पाहिलं तर मेंदू स्लो मोशनच शिकतो. पाच स्नॅच, पाच क्लीन अँड जर्क. मनातली लिफ्टही पडते, हे अनेकांना नवल वाटतं. पडली तर सोडून देऊ नका, वजन कमी करून तीच पुन्हा मारा आणि बसवूनच थांबा.

दिवसभर ऑफिस किंवा क्लास करून संध्याकाळी गेलो की वजन जड वाटतं. डोकं थकल्याने ताकद कमी होते का?

एका लिफ्टची कमाल ताकद फारशी कमी होत नाही. कमी होते ती चिकाटी आणि नेमकेपणा. दीड तास डोक्याला ताण देणारं काम केल्यावर सायकल चालवणारे लवकर थकले, हे एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं. हृदय आणि स्नायू तसेच होते, मेहनत मात्र जास्त वाटत होती. म्हणून अशा दिवशी सिंगल्स आणि डबल्स ठेवा. स्क्वॉटचे दहा-दहाचे सेट दुसऱ्या दिवशी करा. इतवारीच्या ट्रॅफिकमधून आल्या आल्या बार धरू नका. दहा मिनिटं फोन बंद, थोडं चालणं, खांदे आणि घोटे मोकळे करणं, मग रिकामा बार.

सेटच्या मधे मोबाइल पाहिला तर काय बिघडतं?

जड सिंगल्समधे २ ते ४ मिनिटं विश्रांती असते. त्यात रील्स पाहिले की वेळेचं भान जातं, सात-आठ मिनिटं होतात, अंग थंड होतं आणि पुढची लिफ्ट आधीच्यासारखी लागत नाही. मोबाइल ठेवायचाच असेल तर फक्त व्हिडिओसाठी: फोन कमरेच्या उंचीवर, बाजूने, चार-पाच मीटर लांब. लिफ्ट एकदाच पाहा, एक गोष्ट टिपा, ठेवून द्या. गाणी वॉर्मअपला चालतात. पण जड लिफ्ट्स आठवड्यातून एक दिवस तरी गाण्याशिवाय मारा, कारण स्पर्धेत बारवर तुमचं गाणं लागत नाही.

आरशासमोर लिफ्ट मारावी का?

नाही. आरशात नजर हलत्या प्रतिमेवर जाते, तोल बिघडतो, आणि लक्ष पुन्हा शरीरावर येतं. प्लॅटफॉर्म भिंतीकडे तोंड करून असेल तर भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर टेपचा तुकडा लावा. तो तुमचा ठिपका.

नागपूरच्या उन्हाळ्यात लक्षच लागत नाही. काय करावं?

मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि पत्र्याच्या शेडमधल्या जिमची अवस्था वेगळी सांगायला नको. एप्रिल ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जड सराव पहाटे साडेपाच ते साडेसातमध्ये उरकावा. नवतपाच्या दिवसांत वजन ८० ते ८५ टक्क्यांवर थांबवावं आणि तंत्रावर काम करावं.

घामातून शरीराच्या वजनाच्या २ टक्के पाणी गेलं तरी लक्ष विचलित व्हायला लागतं. ७० किलोच्या माणसाला हे १.४ किलो. सरावाआधी आणि नंतर वजन करा. जेवढं कमी झालं त्याच्या दीडपट पाणी पुढच्या दोन-तीन तासांत थोडं थोडं प्या. एक तासापेक्षा जास्त सराव असेल तर ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापानेच कालवा, किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घ्या. नुसतं फ्रिजचं पाणी ढोसलं की पोट जड होतं आणि क्लीनमध्ये खाली बसताना मळमळतं.

कूलरबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. त्याचा झोत प्लॅटफॉर्मवर येऊ देऊ नका. ओलसर हवेने बारवर दमट थर येतो, चॉकचा लगदा होतो आणि पकड सुटते. पकडीवर भरवसा नसला की मन दुसरीकडे लागतच नाही. कूलर विश्रांतीच्या खुर्चीकडे वळवा, खिडकी उघडी ठेवा, प्रत्येक लिफ्टआधी तळहात आणि कोपराखालचा हात कोरड्या टॉवेलने पुसा, मग चॉक. बार दर आठवड्याला ताठ ब्रशने घासा. पावसाळ्यात हे आठवड्यातून दोनदा. बार घसरत जावा म्हणून मांड्यांना टाल्कम लावायची सवय असेल तर मोडा, स्पर्धेत ते चालत नाही.

कॉफी किंवा प्री-वर्कआउटने लक्ष वाढतं का?

कॅफिनने सतर्कता वाढते. शरीराच्या प्रत्येक किलोमागे ३ मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे ६० किलोच्या लिफ्टरला १८० मिलिग्रॅम. इन्स्टंट कॉफीच्या एका कपात साधारण ६० ते ८०, टपरीच्या चहात त्याहून कमी. लिफ्टच्या ४५ ते ६० मिनिटं आधी घ्या. ज्याचे हात स्पर्धेत आधीच थरथरतात त्याने निम्मं घ्यावं किंवा घेऊच नये. संध्याकाळी सहानंतर नको, झोप जाते आणि दुसऱ्या दिवशीचं लक्षही.

प्री-वर्कआउट पावडर स्पर्धक खेळाडूंनी टाळलेलीच बरी. डब्यावर न लिहिलेली बंदी असलेली उत्तेजकं त्यात निघतात, आणि डोपिंग चाचणीत जबाबदारी खेळाडूची असते, दुकानदाराची नाही.

खाण्याचं म्हणाल तर वजन करणं स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होतं. त्यानंतर भात-वरण, केळी, जॅम-ब्रेड असं हलकं. तर्री पोहे स्पर्धा संपल्यावर. तिखट तर्रीनंतर पट्टा आवळून श्वास भरला की काय होतं ते जड क्लीनमध्ये लगेच कळतं.

श्वास रोखल्याने डोळ्यांसमोर अंधारी येते. हे एकाग्रतेचं लक्षण आहे का?

नाही. श्वास रोखून पोट आवळल्याने पाठीला आधार मिळतो, तो हवाच. पण क्लीनमध्ये बार गळ्यावर दाबला गेला आणि श्वास फार वेळ अडकला की मेंदूकडचं रक्त क्षणभर कमी पडतं. क्लीनमधून उठल्यावर बार खांद्यांवर नीट बसवा, थोडी हवा सोडा, पुन्हा भरा, मग जर्क. तरीही अंधारी आली तर बार पुढे टाकून मागे सरका. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास रोखून जड लिफ्ट मारण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

दुखापत बरी झाली, पण बारखाली जायची भीती जात नाही.

ही भीती शहाणी आहे, तिला दामटू नका. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलोंसह रौप्य घेतलं, सुवर्ण एका किलोने हुकलं. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात त्याच्या कोपराला इजा झाली होती. अशा दुखापतीनंतर कोपर भरून येतं, पण ‘डोक्यावर बार म्हणजे धोका’ ही नोंद मनात राहते. ती आकड्यांनीच पुसता येते.

डॉक्टर आणि फिजिओने परवानगी दिल्यावर पहिले दोन आठवडे काठी आणि रिकाम्या बारने ओव्हरहेड स्क्वॉट (बार डोक्यावर धरून बैठक), प्रत्येक वेळी खाली तीन सेकंद थांबून. मग जुन्या कमालच्या ४० टक्क्यांपासून आठवड्याला ५ टक्के. भीती वाटली तर त्याच वजनावर आणखी एक आठवडा.

आणि बार टाकायला शिका. हे फार कमी ठिकाणी शिकवलं जातं आणि अर्ध्या भीतीचं मूळ इथेच आहे. रबर प्लेट्स लावून, रिकामी जागा पाहून, ३० किलोवर मुद्दाम स्नॅच पुढे टाका आणि मागे उडी घ्या, पाच वेळा. मग मागे टाका आणि पुढे सरका, पाच वेळा. पुढे टाकताना हात बारला धरूनच खाली आणा. मागे टाकताना हात लगेच सोडा. क्लीन पडत असेल तर कोपर गुडघ्यांवर आदळू देऊ नका, मनगट त्यामुळेच मोडतं. सुटका कशी करायची हे हातापायांना माहीत असलं की मन बारवर राहतं.

कोच आणि पालकांनी लिफ्टच्या आधी काय बोलावं?

एकच माणूस बोलेल, एकच शब्द बोलेल. तोही ‘करायचं काय’ याचा. ‘पुढे टाकू नको’ म्हटलं की मनात पुढे पडणारा बारच उभा राहतो. त्याऐवजी ‘टाच’. वडील स्टँडमधून एक सांगतात, दादा दुसरं, कोच तिसरं, आणि १४ वर्षांचं पोरगं तिघांकडे बघत ६० सेकंदं घालवतं. हे प्रत्येक शालेय स्पर्धेत दिसतं. पालकांनी टाळ्या वाजवाव्यात, लिफ्ट गेली तरी वाजवाव्यात.

एकाग्रता सुधारते आहे हे कसं कळणार?

वही ठेवा. ८० टक्क्यांच्या वरच्या प्रत्येक लिफ्टसमोर बरोबर किंवा चूक, आणि शेजारी एक आकडा: लिफ्टच्या वेळी लक्ष १ ते ५ मध्ये किती होतं. महिन्याच्या शेवटी १०० पैकी ८५ लिफ्ट बसल्या असतील तर ठीक चाललं आहे. ७० च्या खाली असतील तर वजन फार चढवलं आहे किंवा रुटीन मोडलं आहे. लक्षाचा आकडा ४-५ असतानाही लिफ्ट पडत असतील तर प्रश्न तंत्राचा किंवा ताकदीचा आहे, मनाला दोष देऊ नका.

आठवडेच्या आठवडे लक्ष लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जिममध्ये जावंसंच वाटत नसेल, तर ही एकाग्रतेची बाब राहिलेली नाही. सराव थोडा बाजूला ठेवा आणि डॉक्टरांशी बोला. मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मानसोपचार विभाग आहे, आणि टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करून मराठीतही बोलता येतं.

स्पर्धेच्या आदल्या रात्री झोपच लागली नाही तर?

एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने एका लिफ्टची ताकद फारशी घटत नाही. त्याआधीच्या चार-पाच रात्री जास्त महत्त्वाच्या, त्या सात-आठ तासांच्या ठेवा. आदल्या रात्री पडून राहा, घड्याळ पाहू नका, लिफ्ट्स मनात मारत बसू नका. बॅग संध्याकाळीच भरा: बूट, पोशाख, पट्टा, अंगठ्याची टेप, मनगटपट्ट्या, टॉवेल, जास्तीचे मोजे, पाण्याची बाटली, केळी, ओळखपत्र, आणि ओपनरसह तिन्ही प्रयत्नांचे आकडे लिहिलेला कागद. त्या कागदाची एक प्रत कोचच्या खिशात द्या.